ओळखीचा भाव

मराठीत ‘भाव’ या एका शब्दाने दोन अगदी भिन्न गोष्टींचा निर्देश होतो. देवापुढे हात जोडताना मनात असावा लागतो तोही भाव, आणि बाजारात पिशवी घेऊन उभे राहिल्यावर विचारावा लागतो तोही भावच. कोंकणीत तर ‘भाव’ म्हणजे भाऊ. भाषेने या तिघांना एका नावाने हाक मारली असली, तरी व्यवहारात आपण त्यांना एका पंक्तीला बसू देत नाही. मनातला भाव मोजू नये आणि बाजारातला भाव मोजल्यावाचून राहू नये, अशीच आपल्याला शिकवण असते. आणि भावाभावांत हिशेब आला की प्रेम गेले, असेही आपण मानतो.

तथापि एक ठिकाण असे आहे की जेथे हे सारे भाव एकमेकांसमोर येऊन उभे राहतात. हाताने घडवलेले दागिने घेऊन कारागीर स्वतःच जत्रेत, प्रदर्शनात किंवा कलामेळ्यात बसतो, ते हे ठिकाण. तेथे विकणारा आणि घडवणारा एकच असतो. कानातले पाहता पाहता गिऱ्हाईक घडवणाऱ्याच्या बोटांकडे पाहू लागते. ‘हे तुम्ही स्वतः केलेत?’ असा प्रश्न येतो, उत्तर येते, चार शब्दांची देवघेव होते, ओळख होते आणि पुष्कळदा त्या ओळखीतूनच विक्री होते. अशा वेळी नीतीचा एक जुनाच प्रश्न नव्याने पुढे येतो. ही ओळख म्हणजे माणुसकी, की विक्रीची युक्ती? आणि ओळख झाल्यावर वस्तूच्या किमतीत फरक पडावा की पडू नये?

आपल्याकडे दागिन्याचा व्यवहार पूर्वी ओळखीवाचून होतच नसे. घरचा वैद्य, घरचा भटजी, तसा घरचा सोनार. गोमंतकात शेटाचे आणि यजमानाचे नाते कित्येक पिढ्यांचे असे, आणि हिंदू घरातली नवरी व ख्रिस्ती घरातली नवरी यांचे दागिने एकाच शेटाच्या ऐरणीवर घडत. लग्न ठरले की सोनार घरी येई, ओसरीवर शेगडी, फुंकणी, चिमटा आणि तराजू मांडून बसे, आणि घरातले सोने घरच्यांच्या डोळ्यांदेखत मुशीत वितळे. आनंद कुमारस्वामी यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ या पुस्तकात गावचा कारागीर, शहरातल्या श्रेणीतला कारागीर आणि राजाश्रयाचा कारागीर असे तीन प्रकार वर्णिले आहेत. या तिघांपैकी निदान पहिल्याला तरी आपण कोणासाठी घडवतो आहोत, हे विचारण्याची गरज पडत नसे.

परंतु त्या काळाचे स्वप्नरंजन करण्यात अर्थ नाही. ‘डोळ्यांदेखत’ हा शब्दच पुरेसा बोलका आहे. सोनार, शिंपी आणि कुलकर्णी अप्पा यांची संगत नको, असे सांगणारी म्हण ज्या समाजाने घडवली, त्या समाजात ओळख होती, पण तिच्या पोटात संशय होता. हा संशय फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्ष आणि सुवर्णकार यांच्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि तराजूच्या लबाडीपासून मुशीतल्या अदलाबदलीपर्यंत सोने चोरण्याच्या रीती त्यांत बारकाईने नोंदवल्या आहेत. म्हणजे नुसती ओळख ही प्रामाणिकपणाची हमी नव्हे, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. ओळखीने विश्वास उत्पन्न होतो खरा. पण फसवणुकीलाही वाट लागते ती विश्वासातूनच.

पुढे ही ओळख मोडली. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. असंख्य सोनारांच्या शेगड्या थंड पडल्या. १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि तो रद्द झाला १९९० साली. तोवर पुष्कळ घरांतून ऐरणीचा आवाज नाहीसा झाला होता. त्यानंतर आल्या त्या काचेच्या भिंतींच्या पेढ्या. हुपरीच्या एखाद्या घरात ज्या हातांनी चांदीचे पैंजण जुळवले, ते हात इंदूरच्या सराफ्यात पैंजण घेणाऱ्या बाईला कधी दिसत नाहीत, आणि त्या हातांनाही ती बाई दिसत नाही. शुद्धतेची ग्वाही आता माणूस देत नाही, मुद्रा देते. भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी २००० साली सुरू केलेली हॉलमार्कची योजना जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. ‘९१६’ हे तीन आकडे पाहिले की बावीस कॅरटची खात्री पटते. घरच्या सोनाराची गरज उरत नाही.

या मुद्रेचे उपकार मोठे आहेत आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ज्याची सोनाराशी ओळख नाही, ज्याला कस लावता येत नाही, अशा परक्या माणसालाही तिने श्रीमंताइतकेच संरक्षण दिले. परंतु मुद्रा बोलते ती केवळ धातूविषयी. घडणीविषयी ती मुकी आहे. सांधा कोणी जोडला, किती वेळ बसून जोडला, तो रोजच्या वापराला टिकेल काय, याविषयी ती काही सांगत नाही. माती, काच, लाख, पितळ आणि शिंपले यांच्या अलंकारांवर तर तिची सावलीही पडत नाही. तेथे घडवणाऱ्याचा शब्द हीच मुद्रा.

म्हणूनच घडवणारा आणि घेणारा पुन्हा समोरासमोर यावेत, ही गरज भासली असावी. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अध्यक्षपदी कमलादेवी चट्टोपाध्याय आल्या. मंगळूरच्या या कन्येची मातृभाषा कोंकणी होती, हे या मासिकाच्या वाचकांनी अभिमानाने स्मरावे. खेड्यातल्या हाताला शहरातले गिऱ्हाईक भेटवून देण्याच्या कामी त्यांचे आयुष्य खर्ची पडले. १९९४ साली सुरू झालेल्या दिल्ली हाटात कारागिरांना थोड्या थोड्या दिवसांसाठी पाळीपाळीने गाळे मिळतात, ते मधला दलाल वगळला जावा याच हेतूने. पणजीच्या दर्या संगमावर भरणारा लोकोत्सव, हणजूणचा बुधवारचा बाजार, बेळगाव, बडोदे, इंदूर येथील महिला मंडळांची दिवाळीआधीची प्रदर्शने, या सर्व ठिकाणी आज घडवणारा आणि घेणारा समोरासमोर येतात. फरक इतकाच की घरच्या सोनाराची ओळख तीन पिढ्यांची होती, आणि मेळ्यातली ओळख असते दहा मिनिटांची. तिच्यात संशय पिकायला वेळ नाही, तसा विश्वास मुरायलाही वेळ नाही. आपल्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

या दहा मिनिटांत विकणाऱ्यापुढे एक मोह उभा राहतो. वस्तूची किंमत वस्तूने न पटवता आपल्या कथेने पटवावी, हा तो मोह. गिऱ्हाइकाला हल्ली दागिन्याबरोबर गोष्ट हवी असते, हे त्याला कळून चुकलेले असते. मग जे अर्धे साच्यातून आले ते पूर्ण हाताचे होते. ठोक बाजारातून आणलेल्या पदकात दोन मणी ओवले की ते ‘आमच्या घरची पिढीजात घडण’ होते. सोन्याचे नुसते पाणी दिलेल्या पितळेविषयी जिभेवर अकारण मुग्धता येते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! याहून सूक्ष्म मोह दैन्याचा आहे. आपल्या अडचणी, घरचे आजारपण, मुलांच्या शाळेची फी हे सारे खरे असेल. पण ते गळ्यातल्या माळेच्या किमतीत मिसळले की घेणाऱ्याला माळ नको असली तरी ‘नको’ म्हणवत नाही. समुद्रकिनाऱ्यावर मण्यांच्या माळा विकणाऱ्या लमाणी बायकांकडून वस्तू न घेता केवळ त्यांची छायाचित्रे घेणारे प्रवासी पाहिले, म्हणजे हा मोह दोन्ही बाजूंनी कसा वाढतो ते कळते. एकाने दैन्य दाखवावे, दुसऱ्याने ते पाहण्याची हौस भागवावी, आणि मधल्यामध्ये माळ कशी ओवली आहे हे कोणीच पाहू नये!

परंतु सारा दोष विकणाऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. ओळखीचा गैरवापर घेणाराही तितक्याच सराईतपणे करतो. पाच मिनिटे गोड बोलून झाली, गाव निघाले, आडनावावरून दूरचे नाते निघाले, की लगेच प्रश्न येतो, ‘आता आपल्या माणसाला काय लावणार?’ मोठ्या पेढीच्या काचेपलीकडे बसलेल्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचे धैर्य आपल्याला होत नाही. तेथे घडणावळ म्हणून जो आकडा सांगितला जाईल तो आपण मुकाट्याने मोजतो. ती मिजास मेळ्यात उतरते, कारण समोर माणूस असतो आणि माणूस विरघळतो, हे आपल्याला माहीत असते. म्हणजे विकणारा ओळखीने किंमत वाढवू पाहतो आणि घेणारा त्याच ओळखीने ती उतरवू पाहतो. दोघेही हसत असतात, आणि दोघांच्याही हसण्याला भाव असतो — बाजारातला.

आपण थोडा हिशेब करून पाहू. समजा, एका बाईने भाजलेल्या मातीची एक कंठी केली. माती, रंग, दोरा आणि भट्टी मिळून एकशे वीस रुपये लागले. मेळ्यातल्या जागेच्या भाड्यातला तिच्या वाट्याचा भाग ऐंशी रुपये. काम पाच तासांचे. तिने सहाशे रुपये सांगितले, तर मजुरीला उरले चारशे, म्हणजे तासाला ऐंशी. आता ‘आपल्या माणसा’साठी तिने साडेचारशे केले. घेणाऱ्याला वाटते, पाव किंमत सुटली. पण माती सुटली नाही, भट्टी सुटली नाही, भाडे सुटले नाही. सुटलेले दीडशे रुपये सगळे तिच्या चारशेतून गेले. तासाचे ऐंशी होते, त्याचे पन्नास झाले. किमतीची पाव गेली तेव्हा श्रमाचे आठातले तीन वाटे गेले. ओळख झाली नसती, तर ती बाई अधिक सुखी राहिली असती, असा विचित्र निष्कर्ष या हिशेबातून निघतो. आणि ज्या ओळखीतून असा निष्कर्ष निघतो ती ओळख नव्हे, हे कोणीही मान्य करील.

येथे कोणी म्हणेल की घासाघीस हा आपल्या बाजाराचा प्राण आहे. तिच्यात रंग आहे, विनोद आहे, माणसाचा माणसाशी संबंध आहे, आणि एकच किंमत लिहिलेली चिठ्ठी हा परक्यांचा कोरडेपणा आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. जेथे दोघांनाही मालाचा चालू भाव ठाऊक आहे आणि पहिला आकडा वाढवून सांगितलेला आहे हेही ठाऊक आहे, तेथे घासाघीस हा बरोबरीच्या माणसांचा खेळ होय. परंतु हाताच्या घडणीला चालू भाव नसतो. शिवाय पुष्कळ कारागिरांना, विशेषतः घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांना, आपल्या तासांचे पैसे मागण्याचीच लाज वाटते. त्यांचा पहिला आकडाच कमी असतो. आणि जो चतुर विक्रेता घासाघीस होणार म्हणून किंमत आधीच चढवून ठेवतो, तो दंड करतो कोणाला? जो भिडस्त आहे, ज्याला भांडता येत नाही, ज्याने सांगितलेल्या शब्दावर विश्वास ठेवला, त्यालाच. विश्वास ठेवणाऱ्याने अधिक द्यावे आणि अविश्वास दाखवणाऱ्याने कमी, हा कसला न्याय?

सतराव्या शतकात इंग्लंडातील क्वेकर पंथीयांनी हाच विचार करून एका किमतीचा आग्रह धरला. जेवढे घेणार त्याहून अधिक मागणे हे असत्य भाषण होय, असे त्यांचे मत होते. परिणामी त्यांच्या दुकानी लहान मुलाला पाठवले तरी ते मोठ्या माणसाइतक्याच किमतीत वस्तू घेऊन परत येई, आणि जे लोक आरंभी त्यांची चेष्टा करीत तेच पुढे त्यांच्याकडे जाऊ लागले. विलक्षण योगायोग असा की जर्मन तत्त्वज्ञ कांट यानेही १७८५ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात अशाच दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. हा दुकानदार अजाण मुलालाही सर्वांच्याच भावाने माल देतो. पण कांट विचारतो की तो असे कर्तव्यबुद्धीने करतो, की गिऱ्हाईक टिकावे म्हणून? दुसरे असेल, तर कृती योग्य असूनही तिला नैतिक थोरवी नाही.

कांटचा हा निकष मेळ्यातल्या कारागिराच्या हसण्याला लावला तर काय होईल? बहुतेक सारे हसू नापास होईल. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या मनात आपुलकी आणि पोटाची चिंता या वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेल्या नसतात. विकावे असे वाटणे हे पाप नव्हे. माझ्या मते हेतू शुद्ध आहे की नाही हे खणत बसण्यापेक्षा एक साधी कसोटी पुरते. जे तुम्ही घेणाऱ्याला सांगता, तेच न घेणाऱ्यालाही सांगाल काय? तारेचा वेढा कसा घातला, हा दगड कोठला, हा रंग पाण्याने जाईल, हे वाक्य केवळ पाहायला आलेल्या शाळकरी मुलीलाही त्याच आनंदाने सांगता येत असेल, तर ते बोलणे कलेचे आहे. पाकीट उघडण्याची चिन्हे दिसताच जे वाक्य सुचते आणि पाकीट मिटताच जे ओठांवरून मावळते, ते बोलणे बाजाराचे.

आता उरला मूळ प्रश्न. ओळख किमतीत नको, कथेत नको, तर तिचे स्थान आहे तरी कोठे? याचे उत्तर आपल्याच एका सोनाराच्या आख्यायिकेत आहे. पंढरपूरचे नरहरी सोनार हे कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचे मुखही पाहायचे नाही, असा त्यांचा निश्चय. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा घडवायला सांगितला, तेव्हा त्यांनी देवाच्या कमरेचे माप दुसऱ्याकडून आणवले आणि त्याप्रमाणे करगोटा केला. तो बसेना. पुन्हा केला, तरी बसेना. कधी आखूड, कधी लांब. अखेर ते डोळ्यांवर पट्टी बांधून देवळात गेले आणि हाताने चाचपू लागले, तेव्हा हाताला शंकराची चिन्हे लागली. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. हरी आणि हर एक आहेत, हा या कथेचा अध्यात्मातला अर्थ सर्वांना ठाऊक आहे. पण सोनारकीचा म्हणून तिचा जो अर्थ आहे, तोही कमी मोलाचा नाही. ज्याला पाहायचे नाही, त्याच्या मापाचे घडवता येत नाही. सोने शुद्ध होते, हात कुशल होता, सावकाराने काही कमी केले नव्हते. उणीव होती ती ओळखीची, आणि ती दिसून आली ती मापात.

ओळखीचे खरे स्थान किमतीत नसून मापात आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. गिऱ्हाइकाला जाणून घ्यायचे ते त्याच्या खिशाचा अंदाज यावा म्हणून नव्हे, तर वस्तू त्याला नीट बसावी म्हणून. कानाची पाळी नाजूक आहे काय, या वजनाने ती ओघळेल काय. बाई स्वयंपाकाला आणि धुण्याला हात घालणारी असेल तर हा मुलामा किती दिवस राहील. दागिना स्वतःसाठी आहे की लेकीच्या लग्नासाठी, हे विचारावे. आणि या उत्तरांतून असे दिसले की आपल्याजवळची वस्तू तिच्या उपयोगाची नाही, तर तसे सांगावे. ‘हे तुम्हाला नको’ एवढे म्हणू शकणे हीच ओळखीची पावती. आपल्या गावोगावच्या कासाराला हे कळत होते. हाताचा आकार चाचपून, साबणाच्या पाण्याने तो बांगडी मनगटात उतरवी, आणि मनगटाला ओरखडा न येणे ही त्याची अब्रू असे. हैदराबादच्या लाड बाजारातली लाखेची बांगडीही निखाऱ्यावर ऊन केली की मऊ होते आणि मनगटाप्रमाणे वळवता येते. वस्तूने माणसापुढे थोडे नमते घ्यावे, माणसाने वस्तूपुढे नव्हे, हे कासाराला आणि मणेरीवाल्याला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

अशी ओळख विक्रीबरोबर संपत नाही. सांधा सुटला तर मी जोडून देईन, एवढे वचन तिच्यात गृहीत असते. दहा मिनिटांच्या ओळखीला पिढ्यांच्या ओळखीची खोली येते ती या वचनाने. पुढच्या वर्षी त्याच मेळ्यात तुटलेला आकडा घेऊन बाई येते, तेव्हाच कारागिराला आपल्या कामाची खरी परीक्षा कळते.

यावरून सर्वच कारागिरांनी बोलके व्हावे, असे मात्र निघत नाही. काहींचे हात बोलतात आणि जीभ मुकी असते. त्यांना आपले चरित्र विकायला भाग पाडणे हा अन्याय आहे. वस्तूविषयी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे, एवढेच त्यांचे ऋण. आपल्या घरातले दार उघडून दाखवणे हे नव्हे. आणि घेणाऱ्याचेही ऋण आहे. दागिना हातात घेऊन तो उलटा करून पाहावा. मागची बाजू, जेथे घडणीची लबाडी आणि घडणीची सचोटी दोन्ही राहतात, ती निरखावी. परवडत असेल तर सांगितलेला भाव द्यावा, परवडत नसेल तर मोकळेपणाने तसे म्हणून ठेवून द्यावा. न घेतल्याने कारागिराचा अपमान होत नाही. अपमान होतो तो त्याचे तास क्षुल्लक ठरवून घेतल्याने.

म्हणून ‘आपल्या माणसाला काय भाव?’ हा प्रश्न मुळातच उलटा आहे. आपल्या माणसाकडून कमी घ्यावे, असे म्हणणाऱ्याने आपल्या माणसाला कमी द्यावे काय, हेही एकदा स्वतःला विचारावे. समोर बसलेला कारागीर खरोखरच आपला असेल, कोंकणीतला भाव असेल, तर त्याच्या श्रमाचा पुरता मोबदला त्याच्या हाती पडावा, अशीच आपली इच्छा असली पाहिजे. आणि घेणारा जर त्याला आपला वाटत असेल, तर सर्वांत नीट बसणारी वस्तू आणि सर्वांत खरा शब्द त्यालाच मिळाला पाहिजे. ओळख असली की भाव तोच राहावा, आणि काम मात्र अधिक चांगले व्हावे. भावांचा व्यवहार याहून निराळा तो काय असणार?